गिनीची अंडी आणि नाशिकची हवा

घरच्या घरी गिनी कोंबडीची अंडी उबवणारा माणूस तापमानाला फार जपतो. पंख्याच्या इनक्युबेटरमध्ये ३७.५ अंश सेल्सिअस लागतं आणि ते साधा थर्मोस्टॅट सांभाळतो. गणित बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यावरून.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून ऑक्सिजन आत येतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि सोबत वाफही निसटते. वाफ जाते तसा बोथट टोकाकडचा हवेचा कप्पा वाढत जातो. कवच फोडण्याआधी पिल्लू चोचीने हाच कप्पा भेदतं आणि आयुष्यातला पहिला श्वास तिथे घेतं. पाणी कमी उडालं तर कप्पा लहान राहतो आणि पिल्लू आतल्या आत गुदमरतं. जास्त उडालं तर आतलं पातळ आवरण वाळून पिल्लाला चिकटतं. एकूण वजनाच्या १२ ते १४ टक्के घट झाली, की समजायचं बेत जमला.

कोंबडीच्या अंड्यात हा कप्पा टॉर्चच्या उजेडात सहज दिसतो. गिनीचं कवच मात्र जाड, तपकिरी आणि ठिपकेदार असतं, त्यामुळे टॉर्च लावूनही नीट अंदाज येत नाही. म्हणून काटा वापरावा. अंडं साधारण ४० ग्रॅमचं, म्हणजे २० अंड्यांचं वजन ८०० ग्रॅम. २५व्या दिवसापर्यंत त्यातले १०० ग्रॅम जायला हवेत, म्हणजे रोजचे सुमारे ४. किराणा तोलायचा डिजिटल काटा त्याला पुरतो. अंडी एकेक न तोलता सगळी एकत्र तोलावीत. मधेच एखादं वांझ अंडं काढलं, तर हिशोब पुन्हा मांडावा लागतो एवढंच.

आता नाशिकच्या हवेकडे येऊ. जुलैत बाहेर २५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असते, पण तीच हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ४४ टक्क्यांच्या आसपास उतरते. वाफ तेवढीच राहते, फक्त गरम हवेची वाफ धरण्याची ताकद वाढलेली असते. मे महिन्यातल्या दुपारी यंत्रातला आकडा २०च्या घरात जातो. गंमत म्हणजे निफाडच्या थंडीत, धुक्याने द्राक्षबाग ओली झालेली असताना, १० अंशांची ती हवा यंत्रात गेल्यावर १९ टक्क्यांवर येते! बागेत रोज आर्द्रता बघणाऱ्याला हे पटकन पटेल. गिनीचा अंड्यांचा हंगाम उन्हाळा-पावसाळ्याचा, म्हणून थंडीची अडचण तिला फारशी येत नाही. पण इगतपुरी आणि सिन्नर एकाच जिल्ह्यात असूनही त्यांची हवा अगदी वेगळी आहे. यंत्रात ओलाव्यासाठी ठेवलेली एकाची पाण्याची वाटी दुसऱ्याला जशीच्या तशी चालणार नाही.

सुरुवातीला यंत्रात ५० ते ५५ टक्के आर्द्रता धरून चालावं, मग काटा सांगेल तसं बदलावं. घट जास्त झाली तर पाणी वाढवायचं, पण वाटी खोल करून उपयोग नाही. वाफ पृष्ठभागावरून होते, म्हणून पसरट थाळी हवी. घट कमी झाली तर थाळी लहान करावी. हवेची भोकं मात्र कधीच बंद करू नयेत.

कोंबडीला २१ दिवस लागतात, गिनीला २६ ते २८. गिनी स्वतः बसायला बेभरवशाची, म्हणून खेड्यात तिची अंडी खुडूक कोंबडीखाली सरकवतात. आठवडाभर जास्त बसायला कोंबडी कुरकुरत नाही. ती अंडी चोचीने फिरवत राहते, म्हणून भ्रूण एका बाजूला चिकटत नाही. यंत्रात हे काम आपल्याकडे येतं: दिवसातून किमान तीनदा, २५व्या दिवसापर्यंत. नंतर फिरवणं थांबवून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी आणि झाकण उघडू नये. कवचाला पहिली चीर गेली, की आत डोकावायचा मोह होतोच. उघडलेल्या झाकणातून दमट हवा क्षणात निघून जाते आणि चीर पाडलेलं पिल्लू तिथेच अडकतं.

चीर पाडल्यापासून बाहेर येईपर्यंत बरेच तास जातात. घाई करून कवच सोलू नये. आतल्या रक्तवाहिन्या आटायला आणि उरलेला बलक पोटात ओढला जायला तेवढा वेळ लागतोच. या बलकावर पिल्लू दोन दिवस दाण्याशिवाय तगतं, त्यामुळे पंख सुकेपर्यंत त्याला यंत्रातच ठेवलं तरी चालतं.

बाहेर काढल्यावर पहिला आठवडा ३५ अंशांची ऊब द्यावी. खाली वर्तमानपत्र टाकू नका, त्यावर पाय घसरून फाकतात. खरबरीत कापड टाका. पाण्याच्या बशीत गोटे ठेवावेत, कारण गिनीची पिल्लं बोटभर पाण्यातही बुडतात.