बुडबुड्यांवर जाऊ नका, पाण्याचा माथा बघा

दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच काचेची टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात ५६ लिटर पाणी मावतं. त्या सगळ्या पाण्यात मिळून विरघळलेला प्राणवायू असतो जेमतेम ४०० मिलिग्रॅम. आपल्या भोवतालच्या दीड-दोन तांबे हवेत तेवढाच प्राणवायू असतो. टाकीतल्या दहा-बारा माशांचा, पाणवनस्पतींचा आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अब्जावधी जीवाणूंचा संसार एवढ्या शिलकीवर चालतो. ही शिल्लक सतत भरून निघते, म्हणून तो चालतो.

बेळगावकरांच्या वाट्याला ही शिल्लक आणखी थोडी कमी येते. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर राहतो. पणजीतल्या टाकीत २५ अंशांना लिटरभर पाण्यात ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. इथं हवेचा दाब कमी असल्यानं तोच आकडा साडेसातच्या आसपास येतो. एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी ३० अंशांवर गेलं की तो सातच्याही खाली जातो. पाणी जितकं गरम, तितका त्यात वायू कमी विरघळतो. माशांचं उलटं असतं. पाणी तापलं की त्यांच्या शरीराचा वेग वाढतो आणि त्यांना प्राणवायू जास्त लागतो. उन्हाळ्यात अशी दोन्हीकडून ओढाताण होते.

मग एअर पंप, म्हणजे नळीतून पाण्यात हवा सोडणारं यंत्र, हवंच का? दुकानदाराला विचाराल तर तो 'हवाच' म्हणणार, कारण पंप त्यालाच विकायचाय. माझं उत्तर वेगळं आहे: पंप आहे की नाही ते सोडा, पाण्याचा माथा हलतोय का ते बघा.

एअर स्टोनमधून, म्हणजे पंपाच्या नळीच्या टोकाला लावलेल्या सच्छिद्र दगडातून, निघालेला बुडबुडा फूटभर पाणी एक-दोन सेकंदांत चढून जातो. तेवढ्या वेळात तो पाण्याला फारसं काही देत नाही. त्याचं खरं काम निराळं आहे. वर जाताना तो तळाचं पाणी सोबत ओढतो, आणि वर पोचून फुटताना पृष्ठभाग ढवळतो. पाण्यात प्राणवायू पसरतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू. त्यामुळं पाणी निवांत असलं तर वरचा पातळ थर भरलेला राहतो आणि तळ उपाशी. वरचं खाली, खालचं वर असं चालू राहिलं की झालं. हे काम फिल्टरची धार पृष्ठभागावर पडत असेल तर तीही करते. मग वेगळा पंप लागत नाही. फिल्टरचं तोंड पाण्यात खोल बुडालेलं असेल आणि वर खाण्याच्या तेलकटपणाचा तवंग साचला असेल, तर महागातला फिल्टरही इथं उपयोगाचा नाही.

गोल काचेच्या भांड्याचं दुखणं हेच. दिसायला सुंदर, पण गळ्यापर्यंत भरलं की हवेला टेकणारं पाणी बशीएवढं उरतं. भरायचंच असेल तर पोटाच्या रुंद भागापर्यंत भरा. त्यात गोल्डफिश ठेवू नका हे मात्र माझं हट्टाचं मत आहे.

खानापूरच्या माझ्या चुलतभावाचा एकदा पहाटे फोन आला. ''दादा, मासे वर येऊन तोंड मारालेत बघ. दिवसा तर छान होते की!'' त्याची टाकी झाडांनी गच्च भरलेली. झाडं आहेत म्हणजे प्राणवायू आहे, या भरवशावर त्यानं रात्री फिल्टर बंद केला होता. आवाजानं झोप लागत नव्हती म्हणे. पण झाडं प्राणवायू सोडतात ती उजेडात. अंधारात तीही माशांसारखीच श्वास घेतात. रात्रभर सगळ्यांनी मिळून शिल्लक संपवली, आणि सगळ्यात वाईट वेळ आली ती उजाडायच्या आधी. टाकीची परीक्षा घ्यायची तर पहाटे पाचला घ्या.

झाडांच्या जिवावर टाकी चालत नाही असं नाही. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये गोल्डफिश, वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि सडकी पानं खाणाऱ्या गोगलगायी अशी पंपाशिवायची टाकी यशस्वीपणे चालवली होती. फक्त त्यात मासे मोजके होते. आपण ज्या टाकीत वीस मासे कोंबतो, तिथं हे गणित बसत नाही.

फायटर आणि गुरामी या माशांची गोष्ट वेगळी. त्यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारखा एक अवयव असतो. त्यानं ते थेट हवेतला प्राणवायू घेतात. बाजारात बादलीभर पाण्यात तासन्‌तास जिवंत राहणाऱ्या मरळीकडंही हवा घ्यायची अशीच सोय असते. फायटर वर येऊन घोट घेतो तेव्हा घाबरू नका. उलट जोराच्या बुडबुड्यांनीच तो बिचारा हैराण होतो.

आता बोअरच्या पाण्याबद्दल. जमिनीच्या पोटात हवेपासून लांब राहिलेल्या पाण्यात प्राणवायू बऱ्याचदा अगदी कमी असतो आणि कार्बन डायऑक्साइड जास्त. 'स्वच्छ गार पाणी' म्हणून ते थेट टाकीत ओतलं तर मासे धापा टाकतात. रात्रभर बादलीत एअर स्टोन सोडून ठेवा, किंवा दोन बादल्यांत उंचावरून आठ-दहा वेळा ओतपोत करा, आपण चहा गार करतो तसं.

राहिला वळीव. मे महिन्यात दिवसभर तापलेलं पाणी, संध्याकाळी गडगडाट आणि लाईट गायब. माशांच्या दृष्टीनं हीच सगळ्यात धोक्याची रात्र. त्या रात्री खाणं घालू नका. पचवायलाही प्राणवायू लागतो. दर अर्ध्या तासानं मगभर पाणी काढून फूटभर उंचीवरून परत ओता. सेलवर चालणारा छोटा पंप असेल तर उत्तमच. डब्यासारखा बंद फिल्टर कित्येक तास थांबला असेल, तर लाईट आल्यावर तसाच सुरू करू नका. आतले जीवाणू प्राणवायूविना मेलेले असू शकतात, आधी त्यातलं पाणी ओतून टाका. आणि एअर पंप टाकीच्या पाण्यापेक्षा उंचावर ठेवा. खाली ठेवला तर लाईट गेल्यावर नळीतून पाणी उलटं उतरतं, पंपात शिरतं आणि फरशीवर येतं. माझ्या पहिल्या पंपाची खरेदी अशीच वाया गेली.