पार्श्वभूमी : व्याजदराचे निर्णय, जागतिक बाजार आणि कोकणात येणारा-जाणारा डॉलर

दुबईहून खेड-मंडणगडला येणाऱ्या दिरहमचा रुपयातला भाव दुबईत ठरत नाही. संयुक्त अरब अमिरातीने १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर बांधून ठेवला आहे. सौदी रियाल १९८६ पासून ३.७५ ला बांधलेला, कतारी रियाल ३.६४ ला. त्यामुळे श्रीवर्धन, दाभोळ, राजापूरच्या घरांत येणारा आखाती पैसा नावाने दिरहम-रियाल असला, तरी वागतो डॉलरसारखाच. डॉलर ८३ रुपयांना असेल तर दिरहम २२ रुपये ६० पैशांना पडतो, भागाकार सरळ आहे.

चलन बांधले की व्याजदरही बांधला जातो. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने (फेडने), दर हलवला की अबुधाबी, रियाध आणि दोह्याच्या मध्यवर्ती बँकाही सहसा लगोलग आपला दर हलवतात. तसे केले नाही तर पैसा जास्त व्याज देणाऱ्या चलनाकडे सरकतो आणि बांधलेला भाव राखण्यासाठी गंगाजळी उपसावी लागते. कुवेतने २००७ पासून दिनार एकट्या डॉलरऐवजी अनेक चलनांच्या टोपलीला जोडला आहे, म्हणून तो देश काही वेळा फेडच्या मागे जात नाही.

काजूचा हिशेब याच्या उलटा. वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या कारखान्यांना गावची बी वर्षभर पुरत नाही. आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियाची बी मागवावी लागते आणि तिचे बिल डॉलरमध्ये येते. मिरकरवाड्यातून परदेशी जाणारे माकुल आणि कोळंबी मात्र डॉलर घेऊन येतात. एकाच किनाऱ्यावर कुणी डॉलर विकतो, कुणी विकत घेतो, म्हणून 'रुपया पडला' ही बातमी इथे सगळ्यांसाठी वाईटही नसते आणि चांगलीही नसते. तो का पडतो किंवा चढतो, याची मुळे बरीच मागे जातात.

दुसऱ्या महायुद्धानंतरची चलनव्यवस्था १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ठरली. भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव तेव्हा रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. त्या व्यवस्थेत इतर चलने डॉलरला आणि डॉलर सोन्याला बांधलेला होता, एका औंसाला ३५ डॉलर या दराने. देशादेशांत भांडवल मोकळेपणी फिरत नव्हते, म्हणून एका देशाने व्याजदर वाढवला तरी दुसरीकडचा पैसा रातोरात तिकडे पळत नसे. १५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेने डॉलर आणि सोन्याची गाठ सोडली. रुपया १९७५ पर्यंत पौंडाला जोडलेला राहिला, मग चलनांच्या टोपलीला. त्याचा भाव बाजारात ठरू लागला तो मार्च १९९३ पासून. त्याआधीच्या आपल्या कर्जाच्या व्याजावर फेडचा थेट परिणाम शोधू गेल्यास फार हाती लागत नाही, कारण बँकांचे बहुतेक दर वरूनच ठरवून दिलेले असत.

बाहेरच्या जगात मात्र १९७९ नेच सगळे बदलले होते. ६ ऑक्टोबर १९७९ ला, शनिवारी, फेडचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी महागाई मोडून काढण्यासाठी पैशाचा पुरवठा आवळण्याचे धोरण जाहीर केले. अल्पमुदतीचे दर २० टक्क्यांच्या आसपास गेले. सप्टेंबर १९८१ मध्ये अमेरिकेच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा (सरकारने कर्जापोटी दिलेल्या कागदाचा) परतावा पंधरा टक्क्यांच्या वर होता. डॉलरमध्ये बदलत्या व्याजाची कर्जे घेतलेल्या देशांचे कंबरडे मोडले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले. फेडचा निर्णय अमेरिकेपुरता राहत नाही, हे त्या वेळी जगाने फार मोठी किंमत देऊन पाहिले.

तरीही त्या काळात फेड आपला निर्णय जाहीर करत नसे. रोजच्या व्यवहारात फेड किती पैसा ओतते किंवा शोषते, त्यावरून बाजार दराचा अंदाज बांधत असे. पहिले निवेदन निघाले ४ फेब्रुवारी १९९४ ला. दर ३ वरून ३.२५ टक्के झाला होता. वाढ पाव टक्क्याचीच, पण पाच वर्षांतली पहिली. त्या दिवशी अमेरिकी शेअरांचा डाऊ जोन्स निर्देशांक २.४ टक्के घसरला आणि पुढच्या महिन्यांत जगभरचे रोखे कोसळले. वर्षभरात दर ६ टक्क्यांवर गेला. डिसेंबर १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात मेक्सिकोचा पेसो ढासळला.

रोख्यांचे गणित इथेच समजून घ्यावे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. १०० रुपयांचा रोखा वर्षाला ६ रुपये देतो. बाजारातला दर ७ टक्के झाला तर ६ रुपयांसाठी कुणी १०० मोजणार नाही, म्हणून रोख्याची किंमत उतरते. मुदत जितकी लांब, तितकी घसरण मोठी. दहा वर्षांच्या रोख्याला एक टक्का वाढीने साधारण सात टक्क्यांचा फटका बसतो, दोन वर्षांच्याला दोन टक्क्यांच्या आतबाहेर.

बाजार दराला प्रतिसाद देत नाही, अपेक्षा आणि निर्णय यांच्यातल्या फरकाला देतो. १९८८ पासून शिकागोत फेडच्या दरावर वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) चालतात. बैठकीच्या आदल्या दिवशी त्या वायद्यांत जो दर गृहीत धरलेला असतो, तेवढाच जाहीर झाला तर फारसे काही हलत नाही. अर्थतज्ज्ञ बेन बर्नान्के आणि केनेथ कुट्नर यांच्या २००५ च्या अभ्यासातला आकडा असा: अनपेक्षित पाव टक्का कपातीने अमेरिकी शेअर सुमारे एक टक्का चढतात. अपेक्षित कपातीचा परिणाम जवळपास नगण्य.

हे सर्वांत स्वच्छ दिसले २०१३ मध्ये, आणि त्याचा चटका कोकणालाही बसला. २२ मे २०१३ ला फेडचे तेव्हाचे प्रमुख असलेल्या बर्नान्के यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की बाजारात पैसा ओतण्यासाठी चाललेली फेडची दरमहा ८५ अब्ज डॉलरची रोखे खरेदी पुढच्या काही बैठकांत कमी होऊ शकते. व्याजदर शून्य ते पाव टक्का होता तो तिथेच राहिला. हलली ती फक्त अपेक्षा. दहा वर्षांचा अमेरिकी परतावा दोन टक्क्यांवरून सप्टेंबरपर्यंत तीनजवळ गेला. भारतातून परदेशी पैसा बाहेर पडू लागला आणि साडेपंचावन्नच्या आसपासचा डॉलर २८ ऑगस्टला ६८ च्या पुढे गेला.

याचा अर्थ एका काजू कारखानदारासाठी काय, ते मांडून पाहू. समजा २२ मेला १०० टन बी टनाला १,००० डॉलरने घेतली आणि पैसे ९० दिवसांनी द्यायचे ठरले. बिल एक लाख डॉलर, म्हणजे त्या दिवशी साडेपंचावन्न लाख रुपये. ते भरायची तारीख येते २० ऑगस्ट, तेव्हा डॉलर ६३ च्या आसपास. साडेसात लाख रुपये जास्त. शंभर किलो बीतून २२ ते २५ किलो गर निघतो, म्हणजे गराच्या प्रत्येक किलोवर ३० ते ३४ रुपयांचा बोजा, तोही गर विकायच्या आधीच. फॉरवर्ड कव्हर, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा भाव आजच बँकेशी ठरवून, घेतले असते तर वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपासच्या प्रीमियमने तीन महिन्यांचे ८०-८५ हजार लागले असते. बऱ्याचदा कव्हर न घेण्याचे कारण हेच असते: डॉलर हलला नाही तर हा खर्च फुकट गेल्यासारखा वाटतो. बीच्या भावावर पैज लावणे हा कारखानदाराचा धंदा आहे, डॉलरवर पैज लावणे नाही, हे मानले तर तो खर्च बीच्या किमतीतच धरायला हवा.

रिझर्व्ह बँकेने १५ जुलै २०१३ ला बँकांच्या तातडीच्या कर्जाचा दर ८.२५ वरून १०.२५ टक्के केला, म्हणजे रुपया उसना घेऊन डॉलर धरून बसणे महाग पडावे. रुपया तेवढ्याने थांबला नाही. ४ सप्टेंबरला रघुराम राजन यांनी गव्हर्नर म्हणून सूत्रे घेतल्यावर अनिवासी भारतीयांच्या विदेशी चलनातल्या ठेवींसाठी ३.५ टक्के सवलतीच्या दराने बँकांना रिझर्व्ह बँकेशी डॉलर-रुपया अदलाबदल खुली झाली. नोव्हेंबरअखेर बँकांच्या परकी कर्जासह ३४ अब्ज डॉलर आले, त्यातले सुमारे २६ अब्ज ठेवींचे.

त्याच सप्टेंबरमधले लागोपाठचे दोन दिवस अपेक्षेचे गणित शिकायला पुरेसे आहेत. १८ तारखेला फेडने रोखे खरेदी कमी केलीच नाही. बहुतेकांना हे अपेक्षित नव्हते. १९ ला सेन्सेक्स ६८४ अंक चढला. २० ला राजन यांनी रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो दर) पाव टक्का वाढवून ७.५ केला, तेही अनपेक्षित, आणि सेन्सेक्स ३८२ अंक उतरला.

दरकपात झाली की बाजार चढतोच, असेही नाही. १५ मार्च २०२० ला, रविवारी, फेडने एकदम एक टक्का कपात केली. सोमवारी अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक १२ टक्के पडला, कारण रविवारी तातडीने घेतलेल्या निर्णयातून बाजाराने संकटाचा आकार वाचला. १८ सप्टेंबर २०२४ ला अर्धा टक्का कपात झाली आणि पुढच्या काही महिन्यांत दहा वर्षांचा परतावा उलट वर गेला. एका रात्रीच्या उसनवारीचा दर मध्यवर्ती बँकेच्या हातात असतो. दहा वर्षांचा दर महागाई, सरकारी कर्ज आणि भविष्याच्या अंदाजावर चालतो. आणि जपानचे बघा: ३१ जुलै २०२४ ला बँक ऑफ जपानने दर अवघा पाव टक्क्यावर नेला. स्वस्तात येन उसने घेऊन जगभर गुंतवलेला पैसा घाईने परत निघाला आणि ५ ऑगस्टला जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १२.४ टक्के कोसळला.

फेडच्या बैठका वर्षाला आठ. निर्णय वॉशिंग्टनच्या दुपारी दोनला, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेअकराला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळे पुढे सरकतात, त्याआधी हिवाळ्यात हाच निर्णय साडेबाराला येतो. पहिला हलतो दोन वर्षांचा अमेरिकी रोखा, त्याच्या पाठोपाठ डॉलर आणि सोने, मग शेअर. निवेदनातला एखादा शब्द गेला किंवा आला, यावर पहिल्या काही मिनिटांचे सौदे होतात. अर्ध्या तासाने पत्रकार परिषद सुरू होते आणि पहिली दिशा पुष्कळदा तिथे उलटते. ४ मे २०२२ ला फेडने अर्धा टक्का वाढ केली, फेडचे तेव्हाचे प्रमुख जेरोम पॉवेल यांनी पाऊण टक्क्याचा विचार नसल्याचे सांगितले आणि एस अँड पी निर्देशांक तीन टक्के चढला. दुसऱ्या दिवशी साडेतीन टक्के पडला. जूनमध्ये वाढ पाऊण टक्क्याचीच झाली. पहिल्या रात्रीच्या हालचालीवर विसंबून आखातातून पैसे पाठवायचे थांबवणे किंवा घाईने पाठवणे, दोन्ही चुकीचे ठरते.

मुंबईतला चलनबाजार सकाळी नऊला उघडतो. तोवर सिंगापूर-लंडनच्या परदेशी बाजारात रुपयाचे वायदे हललेले असतात, म्हणून नऊचा पहिला भाव उडी मारूनच येतो. पुढे सरकारी बँका डॉलर विकताना दिसल्या की रिझर्व्ह बँक उतरली असे धरतात. ती भाव ठरवायला उतरत नाही, उडी मोडायला उतरते. पैसे पाठवणाऱ्याने म्हणूनच सकाळच्या पहिल्या तासाऐवजी दुपारचा संदर्भ दर (त्या दिवशीच्या सौद्यांवरून जाहीर होणारा भाव) आल्यावर भाव बघावा आणि एक्स्चेंज हाउसचा, म्हणजे पैसे पाठवणाऱ्या पेढीचा, दर त्यापेक्षा किती पैशांनी कमी आहे ते मोजावे. फेडच्या निर्णयापेक्षा त्या पैशांवर आपला ताबा अधिक असतो.

मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात फेडने अकरा वेळा वाढ करून दर ५.२५ ते ५.५० केला. रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ ला, ठरलेल्या बैठकीविना, रेपो ४ वरून ४.४० केला, फेडच्या निर्णयाच्या काही तास आधी. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० वर थांबला. दोन देशांच्या दरातले अंतर घटले तसा फॉरवर्ड प्रीमियमही वर्षाला दोन टक्क्यांच्या खाली आला, कारण तो बहुतांशी त्या अंतराचाच आरसा असतो. काजू आयातदाराला कव्हर स्वस्त झाले. मासळी निर्यातदाराला डॉलर आगाऊ विकून मिळणारी वरची रक्कम आटली, आणि डॉलरमध्ये घेतलेले पॅकिंग क्रेडिट (माल निर्यात होईपर्यंतचे बँकेचे कर्ज) महागले. पूर्वी लायबोर आणि आता सोफर या डॉलरच्या आधारभूत व्याजदरांवर चालणारे हे कर्ज फेडच्या मागोमाग एक टक्क्याच्या खालून पाच टक्क्यांच्या वर गेले. रत्नागिरीतल्या शीतगृहात ठेवलेल्या माकुलच्या प्रत्येक महिन्याला ते व्याज लागते.

घरच्या कर्जापर्यंत हा प्रवास वेगळ्या वाटेने येतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराला जोडावी लागतात आणि दर तीन महिन्यांत किमान एकदा बदलावी लागतात. २५ लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर साडेआठवरून सव्वाआठ टक्के झाले की हप्ता महिन्याला सुमारे ३९५ रुपयांनी उतरतो. दर वाढताना मात्र बँका अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा पर्याय कर्जदाराला विचारून द्यायला सांगितले. २०२५ मध्ये रेपो टप्प्याटप्प्याने ५.२५ पर्यंत आला. ज्यांचे कर्ज जुन्या एमसीएलआर पद्धतीवर (बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणाऱ्या दरावर) आहे त्यांना हे उशिरा आणि अर्धवट मिळते, आणि गावोगावच्या पतसंस्था व सहकारी बँकांवर रेपोशी जोडण्याचे बंधनच नाही. तिथला दर संचालक मंडळाच्या ठरावाने बदलतो.