दुखायचं थांबलं, हाड अजून जुळायचंय

आईच्या पायाच्या अंगठ्याचं ऑपरेशन सगळ्यात आधी अडलं ते जोडव्यांवरून. साताऱ्याच्या दवाखान्यात आदल्या दिवशी सिस्टर म्हणाल्या पायात काही ठेवायचं नाही, आणि आई एकदम गप्पच झाली. चाळीस वर्षांत एकदाही न काढलेली जोडवी, ती कशी काढायची. शेवटी वडील म्हणाले, "काढ गं, मी हाय की हितंच हुबा," मग साबण लावून, फिरवत फिरवत एकेक सोडवली. खाली कातडीवर पांढरी वळी पडलेली होती, खोल. ती तिने बोटाने दोनदा चोळली आणि जोडवी रुमालात बांधून माझ्या हातात दिली.

जोडवी काढायला लावतात त्याला कारण आहे. ऑपरेशननंतर पाऊल आणि बोटं सुजणारच आणि धातूचं वळं काही त्यासोबत वाढत नाही, मग ते बोटाला दोरीसारखं आवळतं आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. आमच्या लोणंदकडच्या बायकांना हे कुणी आधीच नीट सांगितलं तर ऐनवेळी जिवाला घोर लागणार नाही.

मी कॉलेजात बायॉलॉजी शिकवते, हाडांचा धडा दरवर्षी घेते, पण हाड जुळतं म्हणजे रोजच्या जगण्यात काय होतं ते मला आईच्या त्या सहा आठवड्यांतच कळलं, म्हणून हे लिहितेय.

आधी आजाराबद्दल थोडं. आमच्याकडं याला अंगठ्याचं हाड वाढलंय म्हणतात, इंग्रजी नाव बनियन. खरं तर हाड वाढलेलं नसतं, सरकलेलं असतं. एका पावलात २६ हाडं असतात, त्यातलं अंगठ्यामागचं लांब हाड, मेटाटार्सल, हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेला कलतं आणि अंगठा उलटा शेजारच्या बोटाकडे झुकतो. अंगठा आणि ते लांब हाड यांच्यातला कोन १५ अंशांच्या पुढे गेला की त्याला बनियन म्हणायचं. त्या सरकलेल्या हाडाचं डोकं बाहेर येतं, चपलेला घासतं, लाल होतं, सुजतं आणि आपल्याला वाटतं गाठ आली. निमुळत्या, घट्ट चपला-बुटांनी त्रास वाढतो हे खरं, पण आईने जन्मात कधी टाचांची चप्पल घातली नाही, आजीचे पाय मात्र हुबेहूब असेच होते. घराण्यातून पायाची ठेवणच तशी येते बऱ्याचदा.

आता ऑपरेशनमध्ये काय करतात, तर ते वर आलेलं टोक नुसतं घासून टाकत नाहीत. बहुतेक वेळा हाड करवतीने कापतात, काही मिलिमीटर सरकवून जागेवर आणतात आणि बारीक स्क्रूने पक्कं करतात. म्हणजे हे मुद्दाम केलेलं, नीट आखून केलेलं फ्रॅक्चर असतं. एवढं एक वाक्य घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलं ना की पुढची पथ्यं आपोआप कळतात. या ऑपरेशनच्या शंभराहून जास्त पद्धती आहेत, कुणाला पहिल्या दिवसापासून टाचेवर चालू देतात, कुणाचा सांधाच कायमचा जोडलेला असतो त्यांना कितीतरी आठवडे पाय टेकू देत नाहीत, त्यामुळे शेजारणीला काय सांगितलं होतं ते आपल्याला लागू नाही, आपल्या सर्जनने सांगितलं तेच धरायचं.

पहिली रात्र फसवी असते. पायाच्या नसांजवळ बधिरतेचं इंजेक्शन दिलेलं असतं, त्याचा असर कित्येक तास राहतो, कुणाला दुसऱ्या दिवसापर्यंत. आई संध्याकाळी म्हणत होती काहीच दुखत नाही गं, गोळी कशाला. आणि पहाटे तीनला कळ सुरू झाली ती अशी की तिला बोलता येईना. कळ एकदा चढली की तिला खाली आणायला गोळीला वेळ लागतो, म्हणून बधिरपणा उतरायच्या आधीच, घड्याळ लावून, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यायची. पहिले दोन-तीन दिवस हे सोसायचं असतं, नंतर दुखणं बऱ्यापैकी उतरतं. जोरकस गोळ्यांनी पोट घट्ट होतं, पाणी आणि भाजीपाला वाढवावा, आणि किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर दुकानातून मनाने वेदनाशामक आणून घेऊ नये.

मग सूज. माझ्या मते पहिल्या दोन आठवड्यांतलं सगळ्यात मोठं काम पाय वर ठेवणं हेच आहे आणि नेमकं तेच घरोघरी चुकतं. आपण काय करतो, माणसाला खुर्चीत बसवतो, समोर स्टूल ठेवतो, त्यावर पाय, झालं. पण पाय हृदयाच्या खालीच राहिला ना. बघा, गच्चीवर पाण्याची टाकी असली की खालच्या मजल्यावरच्या नळाला जोर जास्त येतो, शरीरातही तसंच. उभ्या माणसाच्या हृदयापासून पावलापर्यंत साधारण १२० सेंटीमीटर अंतर धरलं तर तेवढ्या रक्ताच्या खांबाचा दाब पावलातल्या शिरांवर येतो, पाऱ्याच्या मापात तो ९० मिलिमीटरच्या आसपास भरतो. एरवी आपण चालतो तेव्हा पोटरीचा स्नायू आवळून रक्त वर ढकलत राहतो आणि हा दाब खूप खाली येतो. ऑपरेशननंतर पाय पडून, पोटरीचा पंप जवळपास बंद, वर जखमेमुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागलेल्या, मग पाणी खालीच साठणार. सूज आली की टाके ताणतात, कातडीला रक्त कमी मिळतं, जखम भरायला उशीर लागतो, दुखणंही वाढतं.

आम्ही आईला कॉटवर आडवं ठेवलं आणि पोटरीखाली दोन वाकळा घडी घालून त्यावर उशी, पाऊल छातीपेक्षा वर. उशी नुसती टाचेखाली ठेवली तर गुडघा ताठ होऊन ताणतो आणि टाचेला रग लागते, म्हणून आधार पोटरीभर हवा. दिवसातला बराचसा वेळ असाच, जेवायला, संडासला उठायचं आणि परत आडवं. साताऱ्याहून घरी येतानाही गाडीत मागच्या सीटवर आडवी बसवून पाय सीटवर घेतला होता. पाय खाली सोडला की दोन मिनिटांत बोटं जांभळट व्हायची आणि ठणका लागायचा, ती घाबरायची, पण पाय वर घेतला की रंग परत यायचा, हे पहिल्या आठवड्यांत चालतं. बोटाचं नख दाबून सोडायचं, पांढरं झालेलं दोन-तीन सेकंदांत गुलाबी झालं म्हणजे रक्त पोचतंय. पाय वर करूनही बोट काळंनिळं, थंड किंवा बधिर राहिलं तर मात्र लगेच फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

बँडेजबद्दल एक गोष्ट मलाही माहीत नव्हती. ते जखम झाकायला असतंच, पण अंगठा नव्या जागी धरून ठेवायचं कामही तेच करतं, म्हणून ते एका ठराविक पद्धतीने गुंडाळलेलं असतं. घरी सोडून बघायचं नाही, परत बांधू म्हणायचं नाही. वर रक्ताचा वाळका डाग दिसला तर घाबरू नये, तो ओला होऊन पसरत चालला तर सांगावं. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, तोवर पाणी लागू द्यायचं नाही, आम्ही पायावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, आईला स्टुलावर बसवून आंघोळ घालायचो. आणि हळद. आत्या सांगलीची हळद घेऊन आली होती, जखमेवर दाब म्हणून. हळद दुधात घाला, आमटीत घाला, पण टाक्यांवर नको, ती काही निर्जंतुक नसते.

पाहुण्यांचंही सांगते, कारण हा आमच्याकडचा खरा प्रश्न आहे. बघायला माणसं येतात, मायेने येतात, पण माणूस आलं की आई उठून बसणार, पाय खाली सोडणार, चहाला उठायला बघणार. चौथ्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगून टाकलं की या, बसा, चहा मी करते, पण ती झोपूनच बोलेल.

आता मुख्य गोष्ट. अठराव्या दिवशी आई रात्री उठली आणि अनवाणीच मोरीपर्यंत जाऊन आली. टाके निघाले होते, दुखत नव्हतं, ऑपरेशननंतर घालायला दिलेला बूट अंधारात सापडेना, म्हणाली एवढ्याला काय हुतंय. सकाळी पाऊल टम्म. नशिबाने एक्स-रेत हाड जागचं हललेलं नव्हतं, स्क्रूने धरून ठेवलं होतं. पण ती दुपार मी विसरणार नाही.

दुखणं आणि हाड यांची घड्याळं वेगवेगळी चालतात. दुखणं दोन आठवड्यांत बरंचसं ओसरतं कारण कातडी आणि मांस भरत येतं, सूज उतरते. हाडाचं काम त्यावेळी नुकतं कुठं सुरू झालेलं असतं. आधी कापलेल्या जागी रक्त साकळतं, मग साफसफाई करणाऱ्या पेशी येतात, मग दोन-तीन आठवड्यांत कूर्चेसारखा मऊ भराव तयार होतो. त्यात कॅल्शियम भरलेलं नसतं म्हणून एक्स-रेत तो नीट दिसतही नाही, फट तशीच दिसते आणि लोक म्हणतात हाड जुळलंच नाही. त्यात खनिज भरून तो कडक व्हायला सहा ते बारा आठवडे. जिथं स्क्रूने हाड घट्ट आवळलेलं असतं तिथं भराव फारसा होत नाही, तिथं हाड खाणाऱ्या पेशी फटीच्या आरपार बारीक बोगदे पाडत जातात आणि मागून हाड बांधणाऱ्या पेशी ते भरत येतात. हे बोगदे दिवसाला मिलिमीटरचा जेमतेम दहावा-विसावा भाग पुढे सरकतात. मला हे वर्गात शिकवताना कधी एवढं जाणवलं नव्हतं, पण आईच्या पायाकडे बघत बसले की डोळ्यासमोर यायचं, त्या पट्टीखाली रात्रंदिवस काम चाललंय, केसाच्या जाडीइतकं, रोज. तोवर सगळा भार दोन बारीक स्क्रूंवर.

म्हणून तो कडक, सपाट तळाचा बूट. त्यात पाऊल पुढे वाकत नाही आणि वजन टाचेवर जातं. रात्री संडासला जातानाही तोच घालायचा, आम्ही नंतर तो कॉटच्या पायाला दोरीने बांधूनच ठेवला. बूट जाड असतो, त्यामुळे एक पाय उंच होऊन कंबर धरते, दुसऱ्या पायात तेवढ्याच जाडीची चप्पल दिली की बरं वाटतं. अंगठा असलेली कोल्हापुरी तूर्तास विसरायची. उकिडवं बसणं तर बंदच, कारण उकिडवं बसताना सगळं वजन चवड्यावर येतं आणि बोटं मुडपतात, म्हणजे नेमकं कापलेल्या हाडावरच जोर. आमच्याकडं भारतीय पद्धतीचा संडास, तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आणली, ऑपरेशनच्या आधीच आणायला हवी होती. स्कूटी, मोटरसायकलचं म्हणाल तर साधारण सहा ते आठ आठवडे नाही, ब्रेक दाबणं आणि गाडी थांबवताना पाय टेकणं दोन्ही घातक.

आणि मिसरी. डॉक्टरांनी विचारलं सिगारेट, तंबाखू काही? आम्ही सगळ्यांनी नाही म्हणून मान हलवली, आईनेही. घरी आल्यावर सकाळी ती डबी काढून दात घासायला बसली. मी म्हटलं आई हे काय, तर म्हणाली, "आगं मिसरी म्हंजे काय तंबाखू हाय व्हय? दातांचं हाय त्ये." भाजलेली तंबाखूच आहे ती. हिरडीतून निकोटीन सरळ रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आवळतं, हाड बांधणाऱ्या पेशींचं काम मंदावतं, आणि तंबाखूने हाड जुळायला उशीर लागतो हे पक्कं माहीत झालेलं आहे. आमच्या भागात हजार घरांत ही डबी आहे आणि विचारलं तर कुणी तिला तंबाखू म्हणत नाही, म्हणून घरच्यांनीच ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना मिसरी असा शब्द वापरून सांगावं. आईला सोडताना फार त्रास झाला, चिडचिड, डोकं दुखणं, पण सोडली तिने.

खाण्याचंही तसंच. भात खाल्ला की जखमेत पाणी होतं, डाळीने टाके पिकतात, असं सांगणारे चार जण भेटतातच. जखम भरायची ती प्रोटीननेच, आणि डाळ बंद करून भाकरी-चटणीवर ठेवलं तर शरीराने बांधकाम कशाने करायचं? डाळ, मटकी, दूध, चालत असेल तर अंडी, सोबत पेरू, आवळा, लिंबू. एकादशीला साबुदाणा खाऊन राहणं या दिवसांत नको, हे मी आईला सांगितलं तेव्हा ती विठ्ठलाकडे बघून म्हणाली ह्या बारीला माफ कर.

शुगर असेल तर ती ताब्यात ठेवणं सगळ्यात आधी, कारण वाढलेल्या शुगरमध्ये जखम चिघळते आणि पायाची जाणीव कमी असेल तर चिघळलेली कळतही नाही. ताप, उतरलेलं दुखणं परत वाढणं, पू, वास, लाली पसरणं यात डॉक्टरांना लगेच दाखवायचं. पोटरी एकदम दुखायला लागली, घट्ट, गरम झाली तर शिरेत गुठळी असू शकते, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोन करत न बसता सरळ मोठा दवाखाना गाठायचा. अंगठ्याच्या कडेला मुंग्या किंवा बधिरपणा मात्र बऱ्याच जणांना राहतो, कापताना तिथली बारीक नस दुखावते, तो हळूहळू कमी होतो.

सहा आठवड्यांनी एक्स-रे झाला, फट धूसर झाली होती, बूट सुटला. मग थोडं थोडं चालणं. युलिउस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ साली मांडलं होतं की हाडावर जसा भार येतो तसं ते स्वतःला घडवतं. त्यामुळे सुरुवातीला भार टाळायचा तोच आता बेताबेताने द्यायचा असतो, कायम पाय धरून बसलं तर हाड कच्चंच राहतं आणि सांधाही आखडतो.

आईचं सगळं लक्ष आषाढाकडे होतं. ऑपरेशन माघात झालं होतं, माऊलींची पालखी लोणंदला आली तेव्हा चार महिने होऊन गेले होते. चालत जायचं नाही हे तिनेच ठरवलं, पण चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला आम्ही गाडीने नेलं आणि ती गर्दीच्या कडेला रुंद बूट घालून दोन्ही पायांवर उभी राहिली, अश्व धावून जाईपर्यंत. घरी आल्यावर पाऊल थोडं सुजलं होतं, ते चार-सहा महिने, कुणाला वर्षभरही होतं. तिने स्वतःच वाकळांची घडी घातली आणि पाय वर घेऊन पडली. जोडवी अजून कुंकवाच्या करंड्याशेजारी त्या रुमालात आहेत, सकाळी बोटात जातात, संध्याकाळी आवळतात, सोनार म्हणाला दिवाळी होऊ द्या मग मोठी करून देतो.