आकांडतांडव, बालकाचे

भोकाड पसरणे, हातपाय आपटणे, जमिनीवर लोळण घेणे अशा रूपांत होणारा लहान मुलाचा भावनिक उद्रेक. साधारणतः दीड ते चार वर्षे या वयात तो अधिक आढळतो.

संस्कृत ‘अकाण्ड’ म्हणजे अवेळी, अनपेक्षित. त्यामुळे व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘अकांडतांडव’ हे रूप अधिक शुद्ध ठरते. मराठीत रूढ झालेला आद्य ‘आ’ कदाचित ‘आकांत’ या शब्दाच्या सहवासाने आला असावा. काहीही असो, मूल प्रसंगावाचून बिथरते हे गृहीत या शब्दातच आहे. बालमानसशास्त्राने नेमके तेच खोडून काढले.

मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९३१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथून ४५ मुलांच्या आयांनी ठेवलेल्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. जेवणाच्या वेळेआधी, अपुऱ्या झोपेनंतर व किरकोळ आजारपणात उद्रेक वाढत, असे त्यांत दिसले. (भूक लागली की मूल किरकिरते हे कोणत्याही आजीला ठाऊक असते, गुडइनफ यांनी ते मोजले.)

पुढील चर्चा मुख्यतः उद्रेकातून मुलाला काय मिळते या प्रश्नाभोवती फिरली. ‘कार्यात्मक विश्लेषण’ (वर्तन कशामुळे घडते व कोणत्या परिणामामुळे टिकते याचा शोध) ही संज्ञा वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५३ मध्ये वापरली. पूर्वघटना, वर्तन व परिणाम यांची क्रमवार नोंद करण्याची पद्धत बिजू व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये मांडली. एडवर्ड कार यांनी १९७७ मध्ये स्वतःला इजा करून घेण्याच्या वर्तनामागील संभाव्य हेतूंचा आढावा घेतला. अशा विश्लेषणाच्या आद्यत्वाचा मान बहुधा ब्रायन इवाटा यांच्या १९८२ च्या प्रयोगाला देतात. विकासात्मक अक्षमता असलेल्या नऊ व्यक्तींचे त्यांनी लक्ष मिळणे, काम सांगितले जाणे, एकटे असणे व खेळ अशा स्थितींत निरीक्षण केले. तथापि इवाटांचे श्रेय कल्पनेपेक्षा प्रायोगिक मांडणीचे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

‘लक्ष वेधण्यासाठी नाटक करतो’ हा घरगुती निष्कर्ष या परंपरेचा विपर्यास होय; लक्ष हे अनेक कारणांपैकी एक आहे. पोटेगल व डेव्हिडसन (२००३) यांच्या मते उद्रेकात राग व दुःख या दोन वेगळ्या प्रक्रिया असतात : राग लवकर शिगेला पोहोचून ओसरतो, दुःख रेंगाळते. ओरडणारे मूल शेवटी कुशीत का शिरते, याचा उलगडा यातून बराचसा होतो.



उपायांच्या बाबतीत कार व ड्युरंड यांचा १९८५ चा प्रयोग निर्णायक मानला जातो. अक्षमता असलेल्या चार मुलांना त्यांनी उद्रेकाऐवजी बोलायची वाक्ये शिकवली. अवघड कामापासून सुटका हवी असलेल्या मुलाला ‘मला समजत नाही’ हे वाक्य उपयोगी पडले. ‘मी चांगलं काम करतोय ना?’ हे लक्ष वेधणारे वाक्य मात्र त्याच्या कामी आले नाही.