घरच्या घरी फ्रेंच मॅनिक्युअर: आमच्या संचासोबतचं माहितीपत्रक

संच घेतल्याबद्दल आभार. डब्यात चार बाटल्या आहेत: बेस कोट, फिकट रंग, पांढरा आणि टॉप कोट. शिवाय फाइलर, लाकडी काडी, एक बारीक चपटा ब्रश आणि अर्धगोल चिकटपट्ट्यांचा कागद. रिमूव्हर आणि कापूस तेवढा घरचा घ्या.

फिकट नख आणि टोकाला पांढरी रेघ ही पद्धत लोकप्रिय केली ती १९७० च्या दशकात, लॉस एंजेलिसच्या ऑर्ली कंपनीचे संस्थापक जेफ पिंक यांनी. शूटिंगमध्ये नट्यांचे कपडे दिवसातून अनेकदा बदलत, दर वेळी नेलपेंट कोण बदलणार? कशावरही शोभेल असं काहीतरी हवं होतं. आपल्याकडे लग्नघरात सकाळी पिवळी साडी, दुपारी शालू आणि रात्री रिसेप्शनचा लेहंगा असतो, तेव्हा अडचण हीच असते. म्हणून लग्नसराईत आमचा हा संच जास्त खपतो.

आधी पाणी नको

पार्लरमध्ये हात कोमट पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणून पुष्कळ जणी घरीही तसंच करतात आणि लगेच रंग लावतात. दुसऱ्या दिवशी टवके उडाले की दोष बाटलीला! नख पाणी शोषून किंचित फुगतं. त्यावर रंग बसला की नख सुकताना आकसतं, रंग काही तसा आकसत नाही, आणि कडा सुटायला लागतात. त्यामुळे आंघोळ किंवा भांडी उरकून लगेच बसू नका, तासभर जाऊ द्या. बसण्याआधी रिमूव्हरचा बोळा प्रत्येक नखावरून फिरवा, जुना रंग नसला तरीही. हाताचं तेल, क्रीम निघून जातं. रिमूव्हर आणि नेलपेंट दोन्ही चटकन पेट घेतात, तेव्हा गॅसजवळ किंवा समईशेजारी हे काम नको.

नखं कोरडी असतानाच फाइल करा, एकाच दिशेनं. करवतीसारखं पुढेमागे घासलं की टोकाला पापुद्रे सुटतात. क्युटिकल काडीनं हलकेच मागे सारा, कापू नका. ती कातडी नखाच्या मुळाशी जंतूंना अडवते. कापली की नखुरडं व्हायला वेळ लागत नाही.

पांढरी रेघ

खरी मेख इथे आहे. बाटली जोरात हलवू नका, हवेचे बुडबुडे रंगात उतरतात. दोन्ही तळव्यांत धरून फिरवा. बेस कोट लावून दोन-तीन मिनिटं थांबा. पंखा बंद ठेवा, वाऱ्यानं रंग ब्रशवरच घट्ट होतो.

उजव्या हातानं काम करत असाल तर आधी उजवा हात रंगवा, म्हणजे डाव्या हाताची परीक्षा मन ताजं असतानाच होऊन जाते. कोपर टेबलावर टेकवा. ब्रशचं एक अंग बाटलीच्या तोंडाला पुसून घ्या. मग ब्रश नखाच्या एका कडेला टेकवून स्थिर धरा आणि रंगवायचं बोट सावकाश वळवा. ब्रश ओढायला गेलात की रेघ थरथरते, बोट वळवलं की तीच रेघ गोल येते. वाकडी झाली तरी पुसून टाकू नका. चपटा ब्रश रिमूव्हरमध्ये बुडवून, टिपून, रेघेच्या आतल्या कडेवरून एकदाच फिरवा. बेस कोट जरा निघाला तरी वरचा फिकट रंग ते झाकून घेतो. पांढऱ्याचे पातळ दोन हात द्या, जाड एक नको.

चिकटपट्टी वापरायची असेल तर खालचा थर पुरता वाळू द्या आणि पांढरा रंग ओला असतानाच पट्टी काढा. वाळल्यावर काढली तर रेघेची कड सोबत उचकटून येते. आमच्या मते, दोन-तीनदा हात बसला की पट्टीची गरजच राहत नाही.

रेघ बारीक ठेवा. नख छोटं असेल तर दोऱ्याएवढी पुरे. डब्यातला पांढरा आम्ही मुद्दाम मोतिया दिला आहे. गव्हाळ आणि सावळ्या हातांवर शुभ्र पांढरा व्हाइटनर सांडल्यासारखा दिसतो. फिकट रंगही बेबी पिंक नाही, पीचकडे झुकणारा आहे. तो पांढऱ्यावरूनच लावा, रेघ मऊ दिसते आणि बारीक चुका झाकल्या जातात. शेवटी टॉप कोट नखावर आणि टोकाच्या धारेवरूनही फिरवा.

दहा-पंधरा मिनिटांत बोटाला कोरडं लागेल, पण आतून घट्ट व्हायला काही तास लागतात. झोपायच्या आधी लावलंत तर सकाळी चादरीची वीण नखांवर उठलेली दिसेल.

हळद

पांढऱ्या टोकाचा खरा शत्रू आपला स्वयंपाक. हळदीचा डाग पाण्यानं जात नाही, उन्हात मात्र फिका पडतो. टॉप कोटचा एक पातळ हात दर दोन-तीन दिवसांनी दिलात तर डाग खाली उतरत नाही. मॅरिनेशनचा किंवा लोणच्याचा मसाला हातानं कालवायचा असेल तर हातमोजे घाला. रंग उडायला लागला असेल तर कणीक मळण्याआधी तो काढूनच टाका, टवके पिठात नकोत. ऑपरेशन ठरलं असेल तरीही आधी काढा. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावतात, त्यात नेलपेंटचा अडथळा होऊ शकतो.

जेल, म्हणजे दिव्याखाली धरून वाळवायचं नेलपेंट, आणि त्याच्या दिव्याचा संच आम्ही घरी वापरायला देत नाही. न वाळलेलं जेल कातडीला वारंवार लागलं तर ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. नख दुखत असेल, हिरवट किंवा जाड झालं असेल तर रंगानं झाकू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

पांढरी बाटली सगळ्यात आधी घट्ट होते. तिच्यात रिमूव्हर ओतू नका, रंग फाटतो. दुकानात घेऊन या, थिनरचे दोन थेंब आम्ही फुकट घालून देतो.