कातळशिल्पांचं वय आणि कुर्लीचं बीळ

पाऊस सरला, सडे (कोकणातली कातळाची पठारं) वाळले की मोबाईलवर तो फॉरवर्ड येतोच: 'कार्बन डेटिंगने सिद्ध! कोकणातली कातळशिल्पं इतक्या हजार वर्षांची!' आकडा दर वर्षी फुगतो. कार्बन-१४ म्हणजे सजीवांत असणारा आणि ते मेल्यावर ठरावीक वेगाने घटत जाणारा कार्बन; तो मोजायला कधीकाळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं: कोळसा, हाड, शिंपला. कशेळीचा अवाढव्य हत्ती ज्या जांभ्या दगडात कोरलाय, तो कधी जिवंत होता? 'पांडवांनी एका रात्रीत कोरलं' हे जितकं सिद्ध, तितकाच हा फॉरवर्ड.

माती जिथे थरांनी साचते, तिथे मात्र कोळसा मिळतो. तरी प्रयोगशाळा एक साल देत नाही, पट्टा देते. मोजमापात थोडी चूक राहतेच, शिवाय हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं.

आता खरी गंमत. समजा, खालच्या थरातला कोळसा इ.स. १०० ते ४०० मधला निघाला आणि वरच्यातला इ.स. ० ते ३०० मधला (शून्य साल नसतं, पण गणिताला चालवून घ्या). आकडे बघावेत तर वरचाच जुना वाटतो! पण खालचा थर आधी पडला, हे आपल्याला खणतानाच कळलंय. ती अट घातली की दोन्ही कोळसे १०० ते ३०० मध्येच बसतात. एवढ्यावर थांबत नाही. खालचा कोळसा २९० चा म्हणावा, तर वरच्याला जेमतेम दहा वर्षं उरतात. ११० चा म्हणावा, तर एकशे नव्वद. म्हणजे खालच्याचा कल १०० कडे. पट्ट्यातलं प्रत्येक साल सारखंच शक्य धरलं, तर तो २०० च्या आधीचा असण्याची शक्यता ७५ टक्के येते. नवा नमुना नाही, नवा खर्च नाही! आधीच ठाऊक असलेलं मोजमापाशी जोडायचा हा विचार थॉमस बेझ या इंग्रज पाद्री-गणितज्ञाचा; तो त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला. आज शेकडो नमुन्यांचं हेच गणित संगणक करतो.

अट खोटी असेल तर उत्तरही खोटं, तेही मोठ्या ऐटीत. कुर्लीने (खेकड्याने) बीळ केलं, कोणी माडासाठी खड्डा काढला, की वरचा कोळसा खाली जातो. आणि किनाऱ्यावर मिळणाऱ्या तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या एका प्रकारच्या) शिंपल्या तर आणखी फसव्या: समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच जुना, त्यामुळे शिंपली काही शतकं म्हातारी दिसते. ती शतकं आधी वजा करायची आणि मगच थरांची अट लावायची.