एकगती सायकलीचे बहुगती रूपांतर

मागील चाकावर एकच दंतचक्र असलेल्या सायकलीला गिअरचा हब (चाकाच्या मध्यभागी बसणारा, आत गिअर असलेला तुंबा) किंवा डिरेलर (साखळीला एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा) बसवून चालकाला एकाहून अधिक गतिगुणोत्तरे उपलब्ध करून देण्याची प्रक्रिया. नोंदीचा रोख मुख्यतः २८ इंची चाकाच्या, दांडी-ब्रेकच्या पोलादी काळ्या सायकलीवर आहे. उदाहरणे नागपूर शहराच्या भूरचनेवरून घेतली आहेत.

बहुगती हबच्या उगमाविषयी मतभेद आहेत. नॉटिंगहॅम येथील रॅले कारखान्याचे प्रमुख फ्रँक बोडेन यांच्या पुढाकाराने १९०२ च्या सुमारास बाजारात आलेल्या तीन-गती हबला हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर या दोन पेटंटधारकांचे नाव मिळाले, आणि जुन्या संदर्भग्रंथांत शोधाचे श्रेयही या दोघांनाच विभागून दिलेले आढळते. तथापि स्टर्मी हे मुख्यतः सायकलविषयक लेखक व संपादक होते आणि उत्पादनात आलेला पहिला हब त्यांच्या रचनेवर बेतलेला नव्हता. आर्चर यांच्या नावावरील रचना वस्तुतः विल्यम रायली यांची असावी, असे अलीकडच्या अभ्यासकांचे प्रतिपादन आहे. रायली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन-गती हब सिद्ध केला होता. पुढील शोधांचे हक्क आधीच्या कंपनीकडे सोपवण्याच्या कराराने ते बांधलेले असल्यामुळे नव्या हबचे पेटंट आर्चर या सहकाऱ्याच्या नावे घेण्यात आले, असा हा युक्तिवाद आहे. दोन्ही हबांच्या रचनेतील साम्य पाहता तो अधिक ग्राह्य वाटतो. याच परंपरेतला १९३६ चा ‘एडब्ल्यू’ हब रूपांतराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा होय. त्यातील ग्रहचक्र-योजनेमुळे (मधल्या दंतचक्राभोवती लहान दंतचक्रे फिरण्याच्या रचनेमुळे) सरळ गतीच्या, म्हणजे दंतचक्राइतक्याच वेगाने चाक फिरण्याच्या, ७५, १०० व १३३ टक्के अशी तीन गुणोत्तरे मिळतात.

डिरेलरचा प्रसार फ्रान्समध्ये झाला. सेंत-एत्येन येथील पॉल द व्हिवी (१८५३–१९३०) हे त्याचे आद्य पुरस्कर्ते मानले जातात. तूर द फ्रान्स या शर्यतीत डिरेलरला मुभा मात्र १९३७ मध्येच मिळाली. भारतात टी. आय. सायकल्स (१९४९) आणि हीरो सायकल्स (१९५६) यांसारख्या कारखान्यांमुळे एकगती सायकल घरोघरी पोहोचली.

रूपांतर शक्य आहे की नाही, हे प्रथमतः मागील चिमट्याच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या फ्रेमच्या भागाच्या, दोन टोकांमधील अंतरावर ठरते. काळ्या सायकलीत हे अंतर सुमारे ११० मिमी असते. पाच दंतचक्रांच्या फ्रीव्हीलला (पायडल थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या मागील दंतचक्र-संचाला) साधारणतः १२० मिमी, तर सहा किंवा सात दंतचक्रांच्या फ्रीव्हीलला १२६ मिमी अंतर लागते. पोलादी चिमटा न तापवता हळूहळू फाकवता येतो; ॲल्युमिनियमचा फाकवू नये, तो तडकतो. फाकवताना दोन्ही बाजू सारख्याच सरकल्या पाहिजेत. ते तपासण्यासाठी चिमट्याच्या एका टोकाला बांधलेली दोरी हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत ताणतात आणि सीटखालच्या नळीपासून दोरीचे अंतर दोन्हीकडे मोजतात. मापे जुळली नाहीत, तर जी बाजू मागे राहिली असेल तीच पुन्हा ओढावी लागते. ही पायरी गाळली, तर चाक फ्रेममध्ये तिरपे बसते आणि चाकाचा कितीही आउट (वाकडेपणा) काढला तरी सायकल एका बाजूला ओढत राहते.

फ्रीव्हीलच्या आट्यांचे माप (१.३७५ इंच व्यास, इंचाला २४ आटे) एकगती व बहुगती प्रकारांत बहुधा सारखेच असल्याने पाच दंतचक्रांचे फ्रीव्हील जुन्या हबवरही चढते. अडचण पुढे येते. एक्सल अपुरा पडतो, तो बदलून उजवीकडे वायसर भरावे लागतात, आणि रिम पुन्हा चिमट्याच्या मध्यावर आणण्यासाठी उजवीकडचे स्पोक अधिक ताणावे लागतात. शिवाय एकगती साखळी १/८ इंच, तर डिरेलरची ३/३२ इंच रुंद असते; पुढच्या जाड चेनव्हीलच्या दात्यांवर ही अरुंद साखळी बसत नाही, म्हणून चेनव्हीलही बदलावे लागते. पूर्ण चेनकव्हर काढून टाकावे लागते ते वेगळेच, आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर त्याची उणीव लगेच जाणवते.

हब-गिअरच्या पद्धतीत साखळी, चेनव्हील आणि चेनकव्हर जागच्या जागी राहतात, चिमट्यालाही फारसा हात लावावा लागत नाही. तिची खरी अडचण स्पोकांची आहे. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या सायकलींत पुढील रिमला ३२ व मागील रिमला ४० छिद्रे असतात, तर आज मिळणारे हब बहुधा ३६ छिद्रांचे असतात. अशा वेळी ४० छिद्रांचा जुना हब शोधणे किंवा रिम बदलणे, एवढेच पर्याय उरतात. रिम बदलताना ती दांडी-ब्रेकच्या आकाराची आहे ना, हे पाहावे लागते, कारण या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगावर दाबले जाते.

गुणोत्तराची निवड भूरचनेवर अवलंबून असते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मी. उंचीवर वसले आहे. महाल, इतवारीपासून पूर्वेकडचा भाग जवळजवळ सपाट असून सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स आणि तेलंगखेडीचा परिसर या पश्चिमेकडील उंचवट्यांखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. खऱ्या अर्थाने दमवणारे चढ म्हणजे हे उंचवटे आणि उड्डाणपूल. त्यांत उन्हाळ्यात ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाणाऱ्या तापमानाची भर पडते. ४४ दात्यांचे चेनव्हील आणि १८ दात्यांचे फ्रीव्हील असलेली २८ इंची सायकल पायडलाच्या एका फेऱ्यात सुमारे ५.४६ मी. जाते, म्हणजे मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी सुमारे २० किमी. तेच १८ दाते ठेवून एडब्ल्यू हब बसवला, तर वरचा गिअर सपाटीवरही जड जातो आणि वारा पाठीशी असेल तेव्हाच उपयोगी पडतो. २२ दात्यांचे दंतचक्र घेतल्यास वरचा गिअर मूळ सायकलीपेक्षा किंचित जड, मधला ताशी सुमारे १६ किमीचा आणि खालचा १२ किमीचा होतो. सामान वाहणाऱ्या किंवा डबल सीट चालवणाऱ्यासाठी हीच जुळणी योग्य होय. रामटेकसारख्या सुमारे ५० किमीवरच्या ठिकाणी नियमित जाणाऱ्याला १४ ते २८ दात्यांच्या पाच दंतचक्रांचा पल्ला अधिक सोयीचा वाटेल. शहरांतर्गत वापरासाठी त्याची गरज क्वचितच भासते.

हब बसवताना एक्सलच्या सपाट बाजू चिमट्याच्या खाचेत घट्ट बसवून फिरू न देणारे वायसर लावतात, अन्यथा जोर पडताच एक्सल फिरून गिअर बदलणारी तार सैल होते. तारेची जुळणी मधल्या गिअरवर करतात: उजव्या नटाच्या खिडकीतून पाहिल्यास आतल्या सळईचा खांदा एक्सलच्या टोकाशी समतल दिसला पाहिजे. तो मागेपुढे असेल, तर मधल्या व वरच्या गिअरच्या दरम्यान साखळी अचानक मोकळी फिरते आणि चढावर उभे राहून पायडल मारणारा चालक दांडीवर आदळतो. हबच्या छिद्रातून पातळ तेलाचे काही थेंब अधूनमधून सोडावेत. आत जाड ग्रीस भरल्यास लहान पकडी चिकटतात व गिअर निसटू लागतो.